टेकडीवर श्रमदानाला जाताय? या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी आम्ही पुण्याजवळच्या एका टेकडीवर जुलैचे दोन रविवार मिळून दोनशेच्या वर रोपं लावली. वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच आणि कुणीतरी हौसेने आणलेले चार गुलमोहर. टी-शर्ट छापले होते, ढोल होता, खाली उतरल्यावर वडापाव होता. पुढच्या मे महिन्यात वर गेलो तर आधाराच्या काठ्या ओळीने उभ्या होत्या, सुतळीच्या गाठीही शाबूत होत्या. रोपं तेवढी नव्हती.

त्यानंतर आमच्या गटातली निम्मी माणसं गळाली आणि उरलेली शहाणी झाली. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका आम्ही स्वतः केलेल्या आहेत, काही शेजारच्या गटांना करताना पाहिल्या आहेत. सूर कुठे मास्तरकीचा लागला तर चालवून घ्या.

मोकळी जमीन दिसली की खड्डा

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती कुदळ हातात घ्यायच्या आधीच होऊन जाते. आपल्या डोक्यात निसर्ग म्हणजे झाडं. झाड नाही ती जागा उजाड, आणि उजाड जागा दिसली की हात शिवशिवतात. सरकारी कागदावरही अशी जमीन ‘पडीक’ या खात्यात जाते. पण पुण्यापासून सोलापूरपर्यंतचा हा सगळा कमी पावसाचा, पातळ मातीचा पट्टा मुळात माळरानाचा आहे. इथे गवत हीच वनस्पती, मध्येच एखादं हिवर, एखादी बोर, एखादा पळस. हे जंगल तुटून उरलेलं नाही, ते असंच असतं. बारामती तालुक्यातल्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे आणि ते चिंकारासाठी राखलंय. इंदापूरकडे कडबनवाडीच्या माळावर लांडगा, खोकड, चिंकारा असे सगळे दिसतात. या प्राण्यांना दाट सावली नको असते. त्यांना लांबवरचं दिसायला हवं असतं. माळढोक पक्ष्याचंही तेच. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, ते गवतासाठी प्रसिद्ध आहे, झाडांसाठी नाही.

ही गोष्ट मला एका टिटवीने समजावली. एप्रिलचा शेवट होता. जूनच्या लागवडीसाठी खड्ड्यांची आखणी चालली होती. फक्कीने रेघा मारल्या होत्या, तीन-तीन मीटरवर फुल्या. एका फुलीजवळ मी टिकाव उचलला आणि एक पक्षी माझ्या पायाशी येऊन ओरडायला लागला, दहा पावलं पळाला, परत आला. डोक्यावर काळी टोपी, चोचीच्या मुळाशी पिवळी झालर. माळटिटवी. मी खाली बघितलं तर काहीच नाही, नुसता मुरूम. मग बसून बघितलं. फुलीपासून वीतभर अंतरावर चार अंडी, मुरमाच्याच रंगाची, त्यावर काळपट ठिपके, टोकं आत केलेली. घरटं म्हणावं तर चार खडे बाजूला सारलेले. मी उभी होते तिथून आणखी एक पाऊल टाकलं असतं तर पायाखालीच. त्या दिवशी आम्ही सगळी आखणी सोडून टेकडीचा तो माथा नुसता चालून बघितला, हळूहळू, खाली बघत. आणखी एक घरटं सापडलं, चंडोलाची एक जोडी सापडली, आणि आपण कशाच्या छाताडावर झाडं लावायला निघालो होतो ते कळलं.

म्हणून पहिल्या वर्षी काही लावू नका. खरंच. पावसाळ्यात एकदा, दिवाळीनंतर एकदा आणि ऐन उन्हाळ्यात एकदा जागा फिरून बघा. कुठे काय आपोआप उगवतंय, पाणी कुठून वाहतंय, माती कुठे हातभर आहे आणि कुठे नखभर, गुरं कुठून येतात. ज्या उतारावर गवत धड आहे तिथे काम करायचंच असेल तर गवताचं राखण करा. ज्या घळीत माती साठलीये, जिथे जुने बुंधे फुटतायत, तिथे झाडांचा विचार करा. लोकांना हे सांगितलं की चेहरे पडतात, कारण ‘आम्ही यंदा काहीच लावलं नाही’ याचा फोटो निघत नाही.

आकड्यांची ओढ सगळ्यांनाच असते म्हणा. राज्याच्या वृक्षलागवड मोहिमेचं लक्ष्य २०१६ साली २ कोटी होतं, ते २०१७ ला ४, २०१८ ला १३ आणि २०१९ ला ३३ कोटींवर गेलं. वरून असे आकडे आले की खाली प्रत्येक गटाला आपले पाचशे, हजार हवेच असतात.

जमीन कुणाची ते न विचारता

पुण्याच्या टेकड्यांपुरतं बोलायचं तर काही भाग वनविभागाचा, काही महापालिकेचा, काही चक्क खासगी मालकीचा. तिन्ही एकाच पायवाटेवर दहा मिनिटांत लागतात. वनजमिनीवर परवानगीशिवाय खोदकाम किंवा साफसफाई करणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा ठरू शकतो, मग हेतू कितीही पवित्र असो. शहर हद्दीत झाड तोडायला, अगदी परदेशी झाड तोडायलाही, १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आडवा येतो. वनरक्षकाला आधी भेटा. तो बहुधा कंटाळलेला असतो, कारण त्याच्याकडे येणारे बहुतेक लोक एकदाच येतात. दोनदा, तीनदा गेलात की तोच सांगायला लागतो की या बाजूला नको, पलीकडे या.

गावाकडच्या जमिनीवर आणखी एक माणूस असतो ज्याला कुणी विचारत नाही: शेळ्या-मेंढ्या चारणारा. शहरी गटांच्या तोंडी ‘शेळ्या रोपं खातात’ ही तक्रार ठरलेली. हिवरे बाजारला चराईबंदी झाली, कुऱ्हाडबंदी झाली, पण ती १९९० च्या आसपास गावाने ग्रामसभेत स्वतःवर घालून घेतली होती. रविवारी येणाऱ्या पाहुण्यांनी कुंपण घालून ती होत नाही. कुंपण रात्रीतून जातं, आणि जाणारच.

नर्सरीत जे मिळेल ते

फुकट रोपं मिळतात म्हणून घेऊ नका. फुकट मिळणाऱ्या रोपांत गिरिपुष्प, सुबाभूळ, गुलमोहर, रेनट्री यांचा भरणा असतो. गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, मूळचं मध्य अमेरिकेतलं. भराभर वाढतं, शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून आपल्या टेकड्यांवर ते पूर्वी मुबलक लावलं गेलं. फेब्रुवारीत गुलाबी फुललं की लोक फोटोही काढतात. पण त्याच्या दाट राईत शिरून बघा, खाली गवत किती आहे ते. आता यावर उलटी चूक म्हणजे ‘चला, सगळी उंदीरमारी तोडू या’. ती परवानगीत अडकते हा एक भाग. शिवाय एकदम तोडली तर मोकळ्या झालेल्या उन्हात तण माजतं आणि बुंधे पुन्हा दुप्पट फुटतात. थोडी थोडी विरळ करत, खाली स्थानिक रोपं वर येतील तसं पुढे जायचं.

आमच्या वड-पिंपळांचं काय झालं ते वर सांगितलंच. पातळ मुरमाच्या उतारावर लावायची झाडं वेगळी: सालई, मोई, पांढरूख, गणेर, धावडा, खैर, मेडशिंगी, बारतोंडी, काटेसावर. यातली अर्धी नर्सरीत मागितली तर समोरचा तुमच्याकडे बघतच राहतो. मग बी गोळा करायचं आणि रोपं स्वतः करायची, किंवा बी थेट मातीत टोचायचं. मोई तर जाड फांदी लावूनही येते. उंबर, करंज, अर्जुन ओढ्याकाठी. माथ्यावर उंबर लावून त्याला टँकरने पाणी घालणारे बघितले की वाईट वाटतं, झाडाचं आणि माणसांचंही.

रोप घेताना उंची बघू नका, बुंधा बघा. पाच फूट उंच आणि पेन्सिलीएवढं जाड रोप टेकडीच्या वाऱ्यात टिकत नाही. पिशवीखालून मूळ बाहेर येऊन नर्सरीच्या जमिनीत गेलेलं असेल तर तेही नको, उचलताना ते मूळ तुटतं.

लावताना होणाऱ्या बारीकसारीक पण जीवघेण्या चुका

एकदा दीड वर्षाचं मेलेलं रोप उपटून बघितलं. अलगद हातात आलं. मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल फिरलेली, खाली चकलीसारखी वेटोळी. पिशवी काढली होती, पण मुळं मोकळी केली नव्हती. दीड वर्ष ते झाड जमिनीत राहून पिशवीतच जगलं होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे ब्लेड घेतलेला एक माणूस वेगळा असतो. पिशवी उभी कापायची, बुडाशी वेटोळं घेतलेली मुळं छाटायची, मातीचा गोळा मात्र फुटू द्यायचा नाही. आणि पिशव्या मोजून परत आणायच्या. रोपं शंभर तर पिशव्या शंभर. मोजल्या नाहीत तर दहा-बारा खड्ड्यात जातातच, पिशवीसकट लावलेल्या रोपांच्या रूपाने.

खड्डा लागवडीच्या दिवशी खणू नका. एप्रिल-मेमध्ये दीड फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल खणून ऊन खाऊ द्या (टिटवी बघून!). वरची काळी माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना काळी माती खाली, मुळांपाशी. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. ओलं शेण घातलंत तर हुमणी आणि वाळवीला पंगत घातल्यासारखं होतं. मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर बरं.

पहिल्या वळवाला भुलू नका. माती फूटभर खोल ओली झाली आहे का ते सळई खुपसून बघा. दोन-तीन दमदार पाऊस झाले की मगच लावा आणि शक्यतो जुलैअखेर आटपा. ऑगस्टच्या मध्यावर, १५ ऑगस्टची सुट्टी जोडून केलेली लागवड सोयीची असते, पण ती आपल्या सोयीची. रोपाला मुळं खाली न्यायला मिळतात ते जेमतेम काही आठवडे.

उतारावर आळं गोल करायचं नाही. अर्धचंद्राकृती करायचं, उंच कड खालच्या बाजूला, म्हणजे वरून येणारं पाणी अडतं. शहरातल्या बागेची सवय असलेले लोक हमखास गोल आळं करतात आणि वरच्या बाजूच्या कडेने पाणी बाहेर वळवून देतात.

फेब्रुवारीचा हिशोब जुलैत न करणं

लागवडीला दीडशे माणसं येतात. जानेवारीत पंधरा. होळीनंतर चार, त्यातला एक कुत्रा फिरवायला आलेला.

हिशोब साधा आहे, तो आधी कागदावर मांडा. समजा ५०० रोपं लावली आणि प्रत्येकाला आठवड्याला १० लिटर पाणी द्यायचं ठरवलं. ५,००० लिटर. २० लिटरचा एक कॅन धरला तर २५० खेपा. दहा माणसं असतील तर प्रत्येकी २५ खेपा, चढावर, मार्चच्या उन्हात, आणि पुढच्या आठवड्यात परत. हे जमणार नसेल तर ५०० लावू नका. चार माणसांना ४० झाडं झेपतात, ४० लावा. गटातला कुणी ‘इतकी कमी?’ म्हणाला तर त्याच्या हातात दोन कॅन द्या.

पाणी रोज थोडं थोडं देण्यात तोटा आहे. वरची दोन इंच माती ओली होते, मुळं वरच घुटमळतात. आठ-दहा दिवसांनी एकदा, पण भरपूर आणि सावकाश. दुसऱ्या वर्षी अंतर वाढवत न्यायचं, तिसऱ्या उन्हाळ्यात अगदी जिवावर बेतलं तरच. तीन उन्हाळे काढले की झाडाला आपली गरज उरत नाही, आणि उरत असेल तर झाड चुकीचं निवडलंय.

पुण्यात सकाळी टेकडीवर येणारे कितीतरी लोक येताना एक-दोन बाटल्या पाणी आणून ठरलेल्या झाडाला घालतात. कुठल्याही मोहिमेपेक्षा माझा या लोकांवर जास्त विश्वास आहे. मात्र सलाइनच्या बाटल्या, उलट्या खुपसलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या हे प्रकार टाळा. उन्हाने प्लॅस्टिक तडकतं, त्याचे तुकडे होतात आणि वर्षभराने आपल्यालाच ते वेचत बसावं लागतं.

आच्छादन घाला, पण जपून. वाळक्या गवताने ओल टिकते, आणि वणव्याला थेट बुंध्यापर्यंत वाटही मिळते. टेकडीवर त्यापेक्षा चपटे सुटे दगड रचलेले बरे. ओल राहते आणि जळत नाही.

नजरेने काढलेला समतल

पाणलोटाच्या कामात सगळ्यात उत्साहाने केलं जाणारं आणि सगळ्यात जास्त बिघडणारं काम म्हणजे सलग समतल चर. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत शहरातल्या माणसांनाही ‘सीसीटी’ (सलग समतल चराचं इंग्रजी लघुरूप) हा शब्द पाठ झाला. शब्द पाठ झाला, त्यातला ‘समतल’ मात्र राहून गेला.

चराचं काम पाणी अडवून जागच्या जागी मुरवणं. त्यासाठी चराचा तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच पातळीत हवा. अर्धा फूट जरी एका बाजूला कमी-जास्त झाला तर तो चर राहत नाही, पाट होतो. सगळं पाणी खालच्या टोकाला धावतं, तिथला बांध फोडतं आणि नवी घळ पाडतं. म्हणजे न खणलेलंच बरं होतं. आमचा पहिला चर असाच फुटला. वरच्या अंगाला मेंढरं घेऊन बसलेले एक बाबा आम्ही खणत असताना म्हणाले होते, “ताई, ह्ये पानी तुमच्याकडं न्हाई थांबायचं. त्ये त्या बोरीकडं पळतंय बगा.” आम्ही हसून मान डोलावली. पावसाने बोरीजवळच फोडला.

डोळ्यांना उतारावर समतल कळत नाही, डोळा फसतोच. ‘ए’ आकाराची लाकडी चौकट करा: दोन सारखे पाय, मध्ये आडवी पट्टी, वरून दोरीला बांधलेला दगड. ती वापरायच्या आधी तिची खूण बरोबर आहे का ते तपासा, आणि हीच पायरी सगळे गाळतात. दोन खुंट्यांवर पाय ठेवून दोरी पट्टीवर कुठे येते तिथे खूण करा. मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करा आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधली खूण खरी. पहिल्याच खुणेवर विसंबलात तर प्रत्येक पावलाला तीच चूक जमा होत जाते. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळीही चालते, फक्त आत हवेचा बुडबुडा नको.

कामाची दिशा माथ्यापासून पायथ्याकडे. खाली रस्त्याजवळ सोयीचं पडतं म्हणून तिथून सुरुवात केली तर वरच्या सगळ्या डोंगराचं पाणी त्या एका चरावर येतं. खणलेली माती खालच्या बाजूला टाका, आणि चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत आत येते. हात नवे असतील तर सलग खणूच नका. चार-पाच मीटरचे तुकडे, मध्ये थोडी माती न खणता सोडलेली. एका तुकड्यात चूक झाली तर ती तिथेच राहते. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर छत्री घेऊन वर जा. चरात पाणी उभं असताना दोन्ही टोकांना काठी बुडवून बघा. यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

जिथे गवताची घट्ट चटई आहे तिथे चर खणू नका. ते गवतच पाणी मुरवण्याचं काम करतंय, तुम्ही उलट माती सुटी करताय.

दगड म्हणजे मोकळा माल

घळीत अनघड दगडी बांध घालताना लोक आजूबाजूचा सगळा दगड वेचून आणतात. सुटे, घळीतलेच दगड घ्या. जमिनीत रुतलेला दगड पहारीने उपटलात की त्याच्या वरच्या अंगाची माती पुढच्या पावसात जाते. आणि तो कुणाचं तरी घर असतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या पायाशी, गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा असणारा सरडा राहतो. शास्त्रज्ञांनी २०१६ साली त्याला नवी प्रजाती म्हणून नाव दिलं, सारडा सुपर्बा. त्यातलं ‘सारडा’ म्हणजे आपलाच मराठी सरडा. पावसाआधीच्या उन्हाळ्यात याचे नर दगडावर चढून गळा फुलवतात, म्हणजे नेमके तेव्हाच जेव्हा आपण बांधासाठी दगड वेचत फिरतो.

पिवळं दिसलं की उपटलं

परदेशी तण काढणं हे स्वयंसेवकांसाठी सर्वात चांगलं काम आहे असं माझं मत. कुदळ लागत नाही, वय आड येत नाही, फळ लगेच दिसतं. पण वेळ चुकली तर सगळं पाण्यात. नारिंगी-पिवळं कॉसमॉस फुलावर यायच्या बेताला उपटायचं. बी धरल्यावर उपटून पिशवीतून ओढत नेलं तर आपणच वाटभर पेरणी करतो. गाजरगवताला हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच, कातडीवर पुरळ उठतं. या तणाकडे देशाचं लक्ष १९५० च्या दशकात पुण्यातल्या नोंदीमुळे गेलं. म्हणजे निस्तरण्याची आपल्यावर जरा जास्तच जबाबदारी.

घाणेरी नुसती कापू नका, पावसाळ्यात ती दुप्पट फुटते. खोडाच्या बुडाशी, जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं वर, वाळायला ठेवायचं. मोकळ्या झालेल्या जागी त्याच हंगामात स्थानिक गवताचं बी टाकलं नाही तर घाणेरीच परत येते. आणि जाळीत हात घालण्याआधी घरटं आहे का बघा, बुलबुल आणि वटवटे तिथेच असतात.

ओळख नसेल तर उपटू नका. एकदा नव्या मुलांच्या एका तुकडीने तासाभरात ढीगभर ‘कॉसमॉस’ आणून टाकला. त्यात कवला होता, घागरी होती, अशी सगळी आपली रानफुलं, पिवळी असल्याचा गुन्हा भोगलेली. आता सुरुवातीलाच एक रोप काढून हातात देतो, पान चोळून वास घ्यायला लावतो, मगच सोडतो.

बीजगोळे

शाळांना आवडतात, मुलांना चिखल आवडतो, ठीक आहे. पण कड्यावरून भिरकावलेला गोळा मुरमावर पडून वीट होतो. पावसाळ्यात काठीने बोटभर भोक पाडून बी टोचलं तर उगवण्याची शक्यता कितीतरी जास्त. बाभळीचं बी हवं असेल तर शेळ्यांच्या वाड्यात लेंड्यांमधून वेचा. पोटातून गेल्याने टणक साल मऊ होते आणि ते बरं उगवतं.

वणव्यात शूरपणा

जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, डिसेंबर-जानेवारीत काढायच्या, गवत पूर्ण वाळायच्या आत, आणि वनविभागाच्या माणसांबरोबर. पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत कापून उचललं तरी बरंच काम होतं, कारण आग बहुतेक वेळा वाटेवरच्या विडी-सिगारेटनेच लागते. (जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमदार येतं, असं समजून मुद्दाम लावणारेही आहेत. त्यांच्याशी भांडून उपयोग होत नाही, बसून बोलावं लागतं.)

आग लागली की मात्र स्वयंसेवकाचं काम फोन करणं आणि लोकांना खाली नेणं. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनीजवळच्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेला एक गट वणव्यात अडकला, २० हून जास्त माणसं गेली. आग चढावर माणसापेक्षा वेगाने धावते. उतारावर आग खाली असेल तर वर पळू नका, आडवे सरका, आधीच जळून गेलेल्या किंवा उघड्या खडकाच्या जागेकडे. नायलॉनचे कपडे अंगाला वितळून चिकटतात. टेकडीवर कामाला जाताना सुती घाला. छापील टी-शर्ट पॉलिस्टरचे असतात, हे आम्हाला उशिरा सुचलं.

अंगाशी येणाऱ्या गोष्टी

दगड उचलताना पलीकडची कड स्वतःकडे ओढून उचला, म्हणजे खाली जे असेल त्याला तुमच्यापासून लांब पळायला वाट मिळते. विंचू नेहमीचा, पण फुरसं खरं धोक्याचं: हातभर, मातकट, अंगाची वेटोळी घासून करवतीसारखा आवाज करतं. चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काहीही नको. हात-पाय हलू न देता सरळ ज्या दवाखान्यात सर्पविषाची लस आहे तिथे. कुठल्या दवाखान्यात आहे ते शनिवारीच विचारून ठेवा. १०८ क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे.

आग्यामोहोळाच्या आसपास अत्तर, धूर, आरडाओरडा नको. टिकाव मारणाऱ्या दोन माणसांत दोन टिकावांचं अंतर. आमच्याकडे आजवर झालेली सगळ्यात मोठी जखम गप्पा मारत टिकाव चालवण्याने झाली.

वही न ठेवणं

किती लावली हे सगळे लिहितात. किती जगली हे लिहायला मे महिन्यात वहीच सापडत नाही. प्रत्येक रोपाला नंबर, जात, लावल्याची तारीख, उताराची दिशा, आणि वर्षातून दोनदा जिवंत की मेलं. एवढंच. ॲप नको, शंभर पानी वही पुरते, शिसपेन्सिल वापरा, पेनाची शाई पावसात पसरते.

आमच्या वहीतून चौथ्या वर्षी एक गोष्ट दिसली जी इतके दिवस डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. उत्तरेच्या उतारावरची रोपं बऱ्यापैकी तग धरून होती. नैऋत्येच्या उतारावर, जिथे दुपारचं ऊन थेट येतं, दरवर्षी पाणी घालूनही ओळीच्या ओळी गेल्या होत्या, मग खैर असो की मेडशिंगी. तिथे आता रोपं लावत नाही. नोव्हेंबरात पवन्या आणि मारवेल गवताचं बी ओरबाडून तीन गोणपाटं भरून ठेवलीत, एकाच्या गॅलरीत. उंदीर लागले नाहीत तर जूनच्या पहिल्या आठवड्यात फेकणार आहोत.